नियम चौदा, पोटनियम ब

आमच्या शेती कॉलेजची नियमावली सत्तेचाळीस पानांची,
आणि ती सगळी दरवर्षी माझ्या बोटांतून जाते.
म्हणून मला माहीत आहे, नियम आभाळातून पडत नाहीत.

नियम सहा, घंटेच्या दोरीवर कपडे वाळत घालू नयेत:
हा रेत्सेलिसित्सोए. त्याच्याकडे एकच शर्ट होता.
नियम अकरा, भोजनगृहातून पाव बाहेर नेऊ नये:
ही लिनेओ आणि तिची धाकटी बहीण.
धाकटी कॉलेजात नव्हतीच,
फाटकाबाहेर उभी असायची.
टंकताना नावं गळतात,
उरतं ते ‘कोणीही’.

जुलैत मोखोत्लोंगला बर्फ पडला
आणि लेफा मोखेथीच्या खोलीत
ब्लँकेटखाली कोकरू सापडलं.
दोन दिवसांचं. नाळेचा तुकडा अजून लोंबत होता.

शिस्तपालन समिती बसली. पाच खुर्च्या, एक हीटर,
हीटरचं तोंड अध्यक्षांकडे.
आरोप पहिला, वसतिगृहात प्राणी पाळणे.
आरोप दुसरा, संस्थेची मालमत्ता विनापरवाना हलवणे.
(मालमत्ता तेव्हा माझ्या टेबलाखाली
पुठ्ठ्याच्या खोक्यात होती, आणि माझी चप्पल चोखत होती.)

‘पाळलं नाही, न्ताते,’ लेफा म्हणाला,
‘निजवलं.’
कोणी हसलं नाही. मी लिहून घेतलं.
‘चौकीदाराला का नाही सांगितलंस?’
‘सांगितलं. तो म्हणाला, सकाळी बघू.’
‘मग?’
‘सकाळपर्यंत ते राहिलं नसतं.’

आता हे मला सांगितलं पाहिजे:
उत्तरपत्रिकांचं कपाट माझ्याकडे असतं.
एप्रिलची परीक्षा, प्रश्न चौथा:
नवजात कोकरू गारठल्यास काय कराल?
लेफानं लिहिलं होतं, आडोशाला न्यावं,
कोरडं पुसावं, अंगाच्या उबेला धरावं,
उशीर करू नये.
शेजारी लाल शाईत दहापैकी सात
आणि न्ताते लेबित्सांची सही.
तेच न्ताते लेबित्सा, डावीकडून दुसरी खुर्ची,
पेनाचं टोपण काढत, लावत.

मी कोण? मी टंकलेखिका.
मला बोलायचा ठराव नव्हता.
मी ती पत्रिका फाइलीत लावली, आरोपपत्राच्या मागे,
टाचणीनं, जरा वाकडी, म्हणजे बाहेर डोकावेल.
फाइल हातोहात फिरली.
लेबित्सांच्या हातात ती जरा जास्त वेळ थांबली.
मग पुढे गेली.

निर्णय: पंधरा दिवस वसतिगृहाबाहेर.
एकमतानं, असं लिहायला सांगितलं.
लेफाचं गाव घाटापलीकडे, दीड दिवस चालून.
त्यानं ब्लँकेट झटकलं, खांद्यावर पिन लावली,
खोक्यात एकदा वाकून बघितलं
आणि मला विचारलं, ‘मे, दूध कोण पाजणार?’

कोकराचं पुढं काय झालं ते इतिवृत्तात नाही.
सभेचा विषय तो नव्हता.
माझी चप्पल मात्र अजून एका बाजूनं दबलेली आहे,
आणि त्या पंधरवड्यात मी घरी उशिरा जात असे.

नवी आवृत्ती आली. नियम चौदा, पोटनियम ब:
कोणीही विद्यार्थ्याने कोणताही प्राणी,
आजारी असो वा धडधाकट,
दूध पिणारा असो वा चरणारा,
कोणत्याही हवामानात खोलीत आणू नये.

प्रवेशाच्या दिवशी नवी मुलं हे मोठ्यानं वाचतात,
‘कोणत्याही हवामानात’ला एकमेकांना कोपर मारतात.
मी म्हणते, इथं, खाली, सही.