साल

टेबल टेनिसचं टेबल भिंतीला उभं टेकवलं
आणि नेरूळच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये
दर रविवारी संध्याकाळी सहाला
स्कॉटलंड सुरू झालं.

खोपकर, बोटीवरचे निवृत्त इंजिनियर.
एक्क्याऐंशी साली त्यांचं जहाज
ग्लासगोच्या गोदीत अकरा आठवडे अडकून पडलं,
तेव्हा तिथल्या एका खानावळवाल्या बाईने
त्यांना हा नाच शिकवला.
चार बायका, चार पुरुष,
समोरासमोर दोन रांगा, मध्ये गल्ली.
त्या बाईचं नाव आठवत नाही, असं ते सांगतात
जरा जास्तच वेळा.

सात जण जमलो. आठव्यासाठी
गेटवरून रामसजीवनला बोलावलं.
तो शिट्टी गळ्यात ठेवूनच
कुरियनबाईंच्या समोर उभा राहिला.

"उजवा हात आपल्या जोडीदाराला, गिरकी!
डावा रांगेतल्या पहिल्याला,
परत उजवा आपल्याला,
डावा दुसऱ्याला, परत उजवा..."
इंजिनरूममध्ये ओरडावं तसे खोपकर ओरडत होते
आणि मोबाइलवरची फिडल
आमच्या गुडघ्यांची पर्वा न करता धावत होती.

दम घ्यायला बसलो, तेव्हा त्यांनी नाव सांगितलं.
स्ट्रिप द विलो.
विलो म्हणजे आपली ओढ्याकाठची वाळुंज.
तिच्या फोकांची साल सोलायची,
आत पांढरीशुभ्र काडी निघते, तिची टोपली विणायची.
कुणी म्हणतं टोपली नव्हे, हा तर मागावरचा धोटा,
या काठाकडून त्या काठाकडे.
नक्की कुणालाच माहीत नाही.
नाचणारे कुठे लिहून ठेवतात!

ठाण्याच्या बाजारातली आमची आठ फुटांची जागा.
बुडाखाली पोतं, पायाच्या अंगठ्यात धरलेला बांबू.
वडिलांचा कोयता एकदाच पडायचा
आणि पेरामागून पेर
टचटच उलत जायचं थेट शेंड्यापर्यंत.
मग एक वर, एक खाली.
लग्नसराईत सुपं, रोवळ्या, दुरड्या.
आणि अवेळी कुणी गप्प येऊन उभं राहिलं
तर वडील न विचारता दोन लांब बांबू काढायचे.
त्याचा भाव करायचे नाहीत.

मी सिडकोत एकतीस वर्षं काढली.
डबा खाताना कुणी विचारलंच तर म्हणायची,
"वडिलांचा बांबूचा व्यापार."
खोटं नव्हतं ते.
सोललेलं होतं.

"आमच्याकडे उलटं," मी खोपकरांना म्हणाले.
"तिकडे साल टाकत असतील.
आम्ही बांबूची साल ठेवतो, आतला गर टाकतो.
ताकद सालीत असते. गराला कीड लागते."
"आम्ही म्हणजे?" दांडेकरांच्या सुनेने विचारलं.
"आम्ही बुरूड."

हॉलमधला पंखा जरा आवाज करतो,
तो तेवढा करत राहिला.
मग मोबाइलवर कसल्याशा मसाल्याची जाहिरात लागली,
ती बंद करायला खोपकर चष्मा शोधू लागले,
आणि रामसजीवन मला विचारू लागला,
छठला लागतं तसलं सूप इकडे कितीला पडेल.

पुन्हा उभे राहिलो. आता मी पहिल्या जोडीत.
उजवा खोपकरांना, डावा पाटणकरांना,
उजवा खोपकरांना, डावा रामसजीवनला
(त्याच्या तळहाताला गेटच्या गंजाचा वास),
परत उजवा.
प्रत्येक परक्या हातानंतर तोच एक हात,
उभ्या कांबीसारखा, जागच्या जागी.
हे वडिलांना दाखवायला हवं होतं.
त्यांनी मान वर न करता म्हटलं असतं,
यात नवीन काय.

सातव्या गिरकीला माझा तोल गेला,
डाव्याच्या जागी मी उजवा दिला,
कुरियनबाई हसत हसत भलत्याच गल्लीत शिरल्या,
शिट्टी कुणाच्या तरी ओढणीत अडकली
आणि आठही जणांची गाठ बसली.
खोपकर म्हणाले, जरा थांबा, आठवू द्या.

"उसवा," माझ्या तोंडून वडिलांचा आवाज आला,
"बुडापासून."