उपसा

बोट्रोपमध्ये रात्रपाळी म्हणजे ऐकत बसणं.
आमच्याकडे पाणी उताराला जात नाही,
त्याला उचलून वर न्यावं लागतं.
नदी वर, गाव खाली.
गावाच्या पोटातलं पाणी हलू नये
म्हणून मी रात्रभर पाणी हलवते.

खालचा कोळसा माझ्या आजोबांनी काढला.
दुर्मुश आक्काया, मूळचे झोंगुल्डाकचे.
दुर्मुश म्हणजे राहिलेला, टिकलेला.
आधीची दोन भावंडं गेली, म्हणून ते नाव.
त्यांच्यासारख्या हजारोंनी काढला,
पोलंडच्यांनी, इथल्यांनी,
आणि काढलेल्या जागेवर जमीन हळूच बसत गेली,
कुठं वीतभर, कुठं दोन-दोन मजले.
'कुठंतरी पाणी मुरतंय' म्हणतात ना,
ते इथं खरोखर मुरतं,
आणि कुणालाही त्यात काळंबेरं वाटत नाही.
पंप थांबले
तर चर्चच्या पायऱ्यांवर बदकं.

सरकारी कागदांत या कामाचं नाव
अनंतकाळची कामं.
कोण्या कारकुनानं हा शब्द
खर्चाच्या रकान्यात बसवला असेल?
नंतर त्यानं चहा प्यायला असेल का?

परवा नगरपालिकेचा फॉर्म आला.
सन एकवीसशे चाळीसमध्ये आपलं शहर कसं असावं?
पाच ओळींत लिहा.
सगळे फॉर्म पत्र्याच्या पेटीत घालून पुरणार म्हणे.
पुरणार कुठं, मी विचारलं,
खाली तर सगळं पोकळ आहे.

शेजारच्या गेरलिंडेबाई कुखार्चिक एक्क्याऐंशीच्या.
त्यांनी पाचही ओळी भरल्या, समासातही लिहिलं.
लहानपणी आम्ही नाक दाबून पूल ओलांडायचो, म्हणाल्या,
या नदीत अख्ख्या रुऱ्हची घाण वाहायची.
आता तिच्या काठावर बसून मी पाव खाते.
हे झालेलं बघितलंय मी,
त्यामुळे मागायला लाजत नाही.
ट्राम फुकट हवी.
गल्लीत मोटारींऐवजी मनुके लागलेली झाडं हवीत
(द्राक्षं म्हणायचं होतं त्यांना, मी दुरुस्त केलं नाही).
आणि तोवर मी पोहायला शिकलेली असावी.

माझा फॉर्म कोराच.
डब्याखाली ठेवला, त्यावर तेलाचा गोल उमटला.

तीन वाजता चार नंबरचा सूर उतरला.
अगदी थोडा. गाणारा थकल्यावर
शेवटची ओळ जशी ओढतो, तेवढाच.
स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर,
मूठ कानाच्या हाडाला लावून ऐकलं.
आत वाळू चावल्यासारखं.
चार नंबर बंद केला, पाच चालू केला,
वंगण भरलं, कोपरापर्यंत काळी झाले.
पाणी दोन बोटं चढलं होतं, मग उतरलं.
गाव झोपलेलं.
कुणाला कळलं नाही, आणि कळू नये यासाठीच तर पगार.

वहीत नोंद केली नव्हती अजून,
तोच सहाला फिलमोन आला.
अस्माराचा पोरगा, पाळीवर नवा, केस ओले,
सायकलची पॅन्टक्लिप तशीच पायाला.
'ग्ल्युक आउफ,' म्हणाला.
खाणी बंद झाल्या, पण हे राहिलंय आमच्यात:
खाली जाणाऱ्याला, सुखरूप वर ये.
जॅकेट काढायच्या आधी तो दारातच थांबला,
मान तिरकी केली.
'चार नंबरला काय झालं?'

मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं.

वही त्याच्याकडे सरकवली
आणि फॉर्म पुढं ओढला.
लिहिलं: पहाटे सहाला कुणीतरी यावं,
आणि आल्या आल्या कान द्यावा.

दीड ओळ झाली.
घरी गेल्यावर बाकीच्या जागेत
तुनानं मासे काढले, निळ्या पेनानं.
एकाला पाय आहेत.
मी म्हटलं, अरे, माशाला पाय?
म्हणाला, तेव्हापर्यंत येतील.
नदी वर आहे ना, त्यांना चढायचंय.