हवा धरली

मे महिन्यातला दुसरा शनिवार. डॉफिनच्या उत्तरेला
रस्त्याकडेच्या चरांत वितळल्या बर्फाचं पाणी अजून तुंबलेलं.
पत्र्याच्या शेडमध्ये शहाऐंशी सालची फोर्ड मोटारहोम,
चार हिवाळे एका जागी. टायर बुडाशी चपटे.
एअर क्लीनरच्या डब्यात उंदरीणीचा संसार:
सीटमधला कापूस, सूर्यफुलाची टरफलं,
आणि आमच्या नकाशाचा एक तुकडा,
ज्यावर रस्ते नाहीत, फक्त सरोवर उरलंय.

गाडी दोघींच्या नावावर. म्हणून दोघी आलो,
स्लाव्का तिच्या ट्रकमधून, मी माझ्या.
चार वर्षं बोललो नव्हतो. कशावरून,
ते आता नीट सांगताही यायचं नाही.
खोटं. येतं. शब्द न् शब्द.
पण इथं त्याचा उपयोग नाही.

आधी बॅटरी.
धान्याच्या एलिव्हेटरवर एकतीस वर्षं पट्टे आणि मोटारी सांभाळल्या,
त्यातून एवढंच शिकले: संशय स्वस्तापासून सुरू करायचा.
टर्मिनलवरची हिरवी भुकटी तारेच्या ब्रशने घासली,
नवी बॅटरी ठेवली. इंजिन फिरतंय, छान फिरतंय,
पेटत मात्र नाही.
ताकास तूर लागू देत नाही.

"मार."
स्लाव्का चावी फिरवते.
"बस."
"मार."
"बस."
चार वर्षांतले आमचे पहिले शब्द. दोनच,
आणि दोन्हींना ती लगेच जागत होती.

प्लग काढून ब्लॉकला टेकवला. ठिणगी निळी, कडक,
चट्चट् वाजणारी. म्हणजे आग आहे.
खोकल्याच्या औषधाचं टोपण भरून
ताजं पेट्रोल कार्ब्युरेटरच्या तोंडात ओतलं.
"मार."
धडाडलं. आठही सिलिंडर, तीन सेकंद.
मग गप्प.
म्हणजे भूकही आहे. जेवण पोचत नाही.

"टाकी?" ती म्हणाली.
"जुनं बुधवारी काढलं. वार्निशसारखा वास येत होता."
"एकटीने?"
मी फिल्टर बदलत राहिले.

पंपाकडची नळी सोडून बरणीत धरली.
बरणी बीटच्या लोणच्याची, झाकणावर स्लाव्काच्या अक्षरात साल,
ती अजून मला बरण्या पाठवायची तेव्हाचं.
तिने ते वाचलं. मी वाचू दिलं.
"मार."
पेट्रोल आलं, पण थुंकत,
फेस, बुडबुडे, घोटभर पेट्रोल, मग नुसतीच हवा.
लाइनने हवा धरलीय.

पण कुठून? जमीन कोरडी. थेंबसुद्धा नाही.
पुठ्ठा एकच होता, त्यावर दोघी आडव्या,
खांद्याला खांदा, टॉर्च तिच्या दातांत.
टाकीपाशी वीतभर रबरी नळी. वरून धडधाकट.
स्लाव्काने ती अंगठ्याने वाकवली,
आणि वळणाच्या आतल्या बाजूला
बारीक भेगांचं जाळं उमटलं.

यातून बाहेर काही गळत नाही.
पंप ओढतो तेव्हा हवा आत शिरते, एवढंच.
गाडी उभी राहिली की लाइनीतलं सगळं
हळूहळू मागे सरकतं, टाकीकडे,
आणि खाली डाग पडत नाही,
म्हणून कुणी वाकून बघत नाही.

टॉर्च काढून ती म्हणाली, "रबर आहे. वापरलं नाही की जातं."
मी म्हटलं, "स्क्रूड्रायव्हर दे."

वीतभर नवी नळी, दोन क्लिपा. सात डॉलर.
नवव्या की दहाव्या फेरीला पेटली,
निळ्या धुराने शेड भरलं, पत्रे थरथरले.
स्लाव्काचा पाय ॲक्सिलरेटरवर.
मी खूण केली: सोड, आता ती आपली आपण चालेल.
तिने मान हलवली. नाही.
बंद पडली तर पुन्हा सुरू होईल
याची खात्री दोघींनाही नव्हती.

ती काहीतरी बोलली. ओठ हलले तेवढे दिसले.
दोन अक्षरं. इरका असावं,
लहानपणी तीच एकटी मला तसं म्हणायची,
किंवा दुसरंच काही.
ऐकू येत नाही म्हणून मी कानाला हात लावला,
मग दार ओढून शेजारच्या सीटवर चढले.
उंदरीणीने जिथला कापूस नेला होता
तिथली स्प्रिंग बोचत होती.