पुस्तकाची स्थिती

मार्चात धानोऱ्याहून पेटी आली.
वीस पुस्तकं, सगळी झाडांवरची,
चकचकीत कागद. आणि पानापानावर
एकच झाड : तपकिरी दांडा, वर हिरवा गोळा,
लाल फळं. सफरचंद असावं.

सात नंबरचं जमना पुंगाटीनं नेलं
आणि ती आलीच नाही.
मोह पडत होता.
पहाटे चारला टोपल्या निघतात,
शाळेची घंटा कोण ऐकतं.

तेवीस एप्रिलला पुस्तक परत.
पानं चिकट, मोहाच्या वासाची,
मधल्या घडीत एक मुंगी चपटी झालेली.
हिरव्या गोळ्यातून पेन्सिलीनं फांद्या ओढून काढलेल्या,
एका फांदीवर अस्वल,
बुंध्याभोवती जाळलेल्या पाल्याचं काळं रिंगण,
आणि प्रत्येक झाडाखाली, दाबून दाबून :
मरा.
मरा.
मरा.

चरकलोच. कोणावर गं एवढा राग?
ती नुसती बघत राहिली.
मागून लालसू खुदखुदला,
"गुर्जी, मरा म्हंजे झाड!
आमच्यात झाडाले मराच म्हंतेत."

सहा वर्षं झाली मला इथं.
खिडकीबाहेर उभीच होती की सगळी.

शाळा सुटल्यावर रजिस्टर उघडलं.
नाव, क्रमांक, स्थिती.
‘खराब’ लिहायला घेतलं,
ख काढला, आणि पेन तिथंच.

पेटीत उरलेली एकोणीस
अजून करकरीत.
त्यांच्यापुढं काय लिहायचं
तेच कळेना.