पाव सूर

बुर्ज हम्मूदच्या तिसऱ्या मजल्यावर,
वायरींच्या गुंत्याखाली,
ही चाल मी बांधली तेव्हा
शाघिग सात महिन्यांची होती
आणि वीज दिवसाला दोन तास.
शब्द नव्हते. नुसतं ना-ना-ना,
शिवशिवणाऱ्या हिरड्यांसाठी.

माझ्या कीबोर्डवर एक बारकं बटण आहे.
ते दाबलं की एक सूर पाव पायरी उतरतो,
दोन पट्ट्यांच्या फटीत जाऊन बसतो.
आपलं रडणं तिथेच राहतं, मास्तर म्हणायचे.
बटण जपानी आहे.

ग्रेटानं चाल ऐकली. दोनशे डॉलर दिले,
तिला लिपस्टिक लावली, प्रियकर मिळवून दिला.
उन्हाळाभर जुनियेच्या किनाऱ्यावर
उघड्या टपांच्या गाड्यांतून ती वाहत राहिली.
मग निवडणूक आली.

डोंगराकडच्यांनी प्रियकर काढून नेता घातला;
मात्रा चपखल बसल्या, दोघंही तीन अक्षरी.
दक्षिणेकडच्यांनी बाईचा आवाज काढून ढोल घातले.
उत्तरेत कुणी बासरी.
मला कुणीच विचारलं नाही.
एका चौकात तिन्ही मिरवणुका भिडल्या,
एकमेकांच्या स्पीकरवर दगड पडले,
तेही तालात.

आज शनिवार. बंदरावरची गच्ची.
शॅम्पेनच्या बाटल्या फुलबाज्या लावून येतात.
ज्या पोराच्या हातात फुलबाजी आहे
तो सकाळी बँकेच्या शटरपाशी उभा होता,
स्वतःचेच पैसे मागत.
बँकेचे मालक चार नंबरच्या टेबलावर आहेत.
पोरगा वाकून ग्लास भरतो.
एक थेंब सांडत नाही. मी बघत होतो.

सात नंबरवरून चिठ्ठी येते:
तेच गाणं, माझ्या बाबांचं नाव घालून.
नऊ नंबरवरून दुसरी:
तेच गाणं, माझ्या मामांचं.
ग्रेटा माझ्याकडे बघून भुवई उचलते, असं मला वाटतं;
सुया घेतल्यापासून तिचं कपाळ काही सांगत नाही.
ज्याचं टेबल त्याची टाळी, नुबार, ती पुटपुटते,
आणि पहिल्या कडव्यात बाबा, दुसऱ्यात मामा
बिनबोभाट बसवून टाकते.
सात आणि नऊ उठून गळ्यात गळा घालतात.
शाळेत एकाच बाकावर होते म्हणे.
खाली पार्किंगमध्ये त्यांचे अंगरक्षक
एकमेकांकडे डोळे वटारून उभे.

मग वीज जाते.

जनरेटरला अकरा सेकंद लागतात. मी मोजलेत.
अकरा सेकंद अख्खी गच्ची
काचेकडे पाठ करून उभी राहते.
कुणी कुणाला सांगत नाही.
त्या ऑगस्टपासून हे शहर
काचेला तोंड दाखवत नाही.

तेवढ्यात मोरीतून माझी चाल येते.
अमारेच. बशा विसळतेय,
तिच्या भाषेत, जी मला येत नाही.
त्यातही कुणाचं नाव असेल.
मागे ठेवलेल्या लेकराचं,
किंवा पासपोर्ट कपाटात कोंडणाऱ्या मालकिणीचं,
शिवीसकट.
पण पाव सूर तिला बरोबर लागतो,
बटणाशिवाय.

जनरेटर खोकतो. पुन्हा! पुन्हा!
सात नंबर ओरडतो.
मी वाजवतो. बटण दाबत नाही.
सूर सरळ जातो, सपाट, इस्त्री केल्यासारखा.
कुणाच्या लक्षात येत नाही.
ग्रेटा फक्त एकदा मान वळवते.

साडेतीनला शाघिगचा फोन, मॉन्ट्रियलहून.
तिकडे अजून रात्रीची जेवणं चाललीयत.
बाबा, इथे एका लग्नात ते गाणं लागलं,
अर्धे नाचले, अर्धे उठून गेले.
त्यातला तो माणूस कोण आहे?

मी जिन्यात आहे. लिफ्ट बंद.
पाठीवर कीबोर्ड, खिशात थोडे डॉलर,
पिशवीत लिरांचं पुडकं, वजनाला जड.
दुसऱ्या मजल्यावर टेकतो.
कोण म्हणजे, मी म्हणतो,
दर वेळी वेगळा असतो गं.
तू जेवलीस का?