गंज

तीन सायकली खाल्ल्या या खाऱ्या वाऱ्याने.
आधी चेन, मग स्पोक, शेवटी
सीटखालची नळी. अंगठ्याने दाबली
तर पापुद्रा हातात.

हुसैन वस्ता म्हणाला, टायटॅनियम घे.
रंगच नको, मग उडेल काय?
टायर जरा रुंद बसव,
मडगार्डला जागा ठेव.
आषाढात आरे-वारेचा चढ म्हणजे लाल रबडी,
वैशाखात तिचीच धूळ.

किंमत सांगितली.
तेवढ्यात स्कूटर येते,
सहा वर्षांच्या पेट्रोलसकट.

पुळणीवर जाऊन बसलो.
ओहोटीने काळ्या वाळूच्या रेघा
ओढून ठेवलेल्या.
यातच असतो तो धातू,
मलुष्टे सर सांगायचे सहावीत,
मूठभर वाळू लोहचुंबकावर धरून.

आणि आम्ही
चपला झाडत घरी.