संध्याकाळचं तिकीट

दुपारीच आटोपलं. नऊ-शून्य.
लेनेलीचा ड्यूई प्रॉसर
खुर्चीत बसून पाणी पीत राहिला,
खडूची कड अजून कोरी करकरीत.
समोरचा चेंडू टाकत होता
पोस्टमन पत्रं टाकतो तसा,
दार न वाजवता.

आम्ही बार्न्सलीहून आलेलो,
संध्याकाळचं तिकीट, पिशवीत सँडविच.
पैसे परत नाहीत, म्हणाले,
एक फ्रेम गंमत म्हणून खेळतील.

आणि ड्यूई उठला.
लाल, काळा, लाल, काळा,
काळा जागेवर ठेवून ठेवून
पंचांचे हातमोजे मळले.
एकशे बारा.

टाळ्या. मॉरीननं तर शिट्टी मारली.
तो खाली मान घालून
क्यूचे दोन तुकडे सोडवत होता,
कान लालबुंद,
भर चौकात कुणी द्यावी तसे.

परतीच्या बसमध्ये, बऱ्याच वेळानं,
मॉरीन म्हणाली,
शिट्टी नको होती मारायला.